‘फायनल-२’ नावाच्या फाइलचं काय करायचं?



इथे बसलेले बरेच जण कुठल्या ना कुठल्या मंडळाचं किंवा अभ्यासिकेचं लिखाणकाम सांभाळतात. निवेदनं, ठराव, नियमावली. तुमच्या फाइलींची नावं मी न बघता सांगू शकतो: नियमावली-फायनल, नियमावली-फायनल-२, नियमावली-नवीन-फायनल. मग सभेत आवाज चढतात. ‘वर्गणीचा हा आकडा कधी बदलला? कुणी बदलला?’ तिन्ही फाइली गप्प.

आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांचं दुखणंही हेच. लिनक्सचं कर्नल जगभरातले लोक मिळून लिहितात. त्यातल्या बदलांचा हिशेब ठेवणाऱ्या बिटकीपर या खासगी प्रणालीचा फुकट वापर २००५ मध्ये बंद झाला आणि त्याच एप्रिलमध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी गिट लिहायला घेतलं. काही दिवसांतच गिटचा स्वतःचा कोड गिटमध्येच नोंदला जाऊ लागला. आजही ते फुकट आहे, आणि नोंदी ठेवायला इंटरनेट लागत नाही.

टर्मिनलच्या काळ्या खिडकीला बिचकू नका. आज्ञा इंग्रजी अक्षरांत टाइप करायच्या, पण त्या मोजक्याच आहेत. फोल्डरमध्ये जाऊन ‘गिट इनिट’ म्हटलं की त्या फोल्डरची नोंदवही सुरू. फाइल बदलली की ‘गिट ॲड’, मग ‘गिट कमिट’, आणि सोबत एक ओळ: ‘ठराव ४ प्रमाणे वर्गणी ५० वरून १०० केली’. ही ओळ मराठीत लिहा, पण नीट लिहा. ‘बदल केला’ एवढंच लिहिणाऱ्याने काहीच लिहिलेलं नसतं.

‘गिट लॉग’ सगळ्या नोंदी तारखेसकट दाखवतो. ‘गिट डिफ’ आधीचं आणि आताचं समोर ठेवतो. ‘गिट ब्लेम’ प्रत्येक ओळीला शेवटचा हात कुणाचा लागला ते सांगतो. नाव भांडखोर आहे, पण माझ्या अनुभवात त्याने भांडणं मिटतातच जास्त.

मराठीसाठी काही गोष्टी वेगळ्या सांगायला हव्यात, कारण इंग्रजी पुस्तकांत त्या सहसा नसतात. मजकूर युनिकोडमध्येच हवा. जुन्या फॉन्टमधलं मराठी डिफमध्ये इंग्रजी अक्षरांचा कचरा दिसतं. वर्डची फाइल गिट साठवतं, पण तिच्यात नेमकं काय बदललं ते सहज दाखवत नाही, म्हणून साधी टेक्स्ट फाइल वापरा. गिट ओळीचा हिशेब ठेवतं, त्यामुळे लांबलचक परिच्छेदात एक शब्द बदलला तरी सगळा परिच्छेद बदललेला दिसतो. तिथे डिफला ‘वर्ड-डिफ’ हा पर्याय जोडा. आणि फाइलचं नाव देवनागरीत असेल तर गिट त्याऐवजी आकड्यांची माळ दाखवेल. ‘कोअर डॉट कोटपाथ’ ही सेटिंग ‘फॉल्स’ करा, नाव दिसू लागेल.

आता यावर विश्वास किती ठेवायचा? कमिटवर दिसणारं नाव ज्याने त्याने स्वतः भरलेलं असतं. मी तिथे तुमचं नावही टाकू शकतो. पण प्रत्येक कमिटला ४० अक्षरी ओळखक्रमांक असतो, आणि तो मजकुरावरून व मागच्या कमिटच्या क्रमांकावरून काढलेला असतो. जुन्या नोंदीत काना-मात्रा बदलली तरी तिच्यापासून पुढचे सगळे क्रमांक बदलतात. म्हणून नोंदवहीची प्रत एकट्या सेक्रेटरीकडे ठेवू नका. तिघांकडे असेल तर गुपचूप केलेली फिरवाफिरव लगेच उघडी पडते.

पण हीच स्मरणशक्ती घातकही आहे. समजा, वस्तीत पाहणी केली आणि बायकांची नावं, मोबाइल, आधार क्रमांक असलेली फाइल कमिट झाली. दुसऱ्या दिवशी फाइल डिलीट केली तरी ती जुन्या कमिटमध्ये जशीच्या तशी आहे. जिला प्रत मिळाली, तिला ती उघडता येते. जिने विश्वासाने घरातली गोष्ट सांगितली, तिला याची कल्पनाही नसते. इतिहास पुसायला ‘गिट-फिल्टर-रेपो’ हे वेगळं अवजार आहे, पण बाहेर गेलेल्या प्रती त्याने परत येत नाहीत. त्यामुळे अशा फाइली या फोल्डरमध्ये आणूच नका. शिवाय टिंबाने सुरू होणारी ‘.गिटइग्नोर’ ही फाइल करून त्यात त्यांची नावं लिहून ठेवा, म्हणजे चुकून ॲड होणार नाहीत. ती पहिल्या कमिटच्या आधीच करा. एकदा नोंदल्या गेलेल्या फाइलीवर तिचा काही उपयोग नाही.

चला, लॅपटॉप उघडा. नियमावलीची फाइल घ्या, त्या तिन्हींपैकी कुठलीही एक.