भंगारातला ठेका

जालन्याच्या एमआयडीसीत भंगार वितळवून सळई होते, हे तुम्हांला आम्ही काय सांगावे! आज गोष्ट आहे ती भंगारातून निघालेल्या ठेक्याची.

१९८० साली जपानच्या रोलँड कंपनीने टीआर-८०८ हे तालयंत्र काढले. तालवादक न बोलावता गाण्याचा कच्चा नमुना करता यावा, हा हेतू. म्हणजे मजुरी वाचवावयाची. आमचे कान तेथेच टवकारले! त्यात खऱ्या वाद्याचा आवाज भरलेला नव्हता, तो विजेच्या जोडणीतून घडे. संस्थापक काकेहाशी यांनी पुढे सांगितले की, ती खास चरचर यावी म्हणून सदोष ट्रान्झिस्टर मुद्दाम विकत घेतले होते. पुढे कारखान्यांचा माल सुधारला, तसा सदोष भाग मिळेना. १९८३ साली सुमारे १२,००० नगांवर यंत्र बंद! उत्तम मालापायी बंद पडलेले उत्पादन आम्ही तरी दुसरे ऐकले नाही.

आवाज खोटा म्हणून यंत्रे जुन्या बाजारात स्वस्त झाली, आणि अमेरिकेतील गरीब वस्त्यांतल्या पोरांनी ती उचलली. त्यांना वादकाची नक्कल नकोच होती. त्यांना तो खोटा आवाजच हवा होता.

इकडे मुंबईत चित्रपट-वाद्यवृंदातले चरणजित सिंग यांनी १९८२ साली याच यंत्राच्या ठेक्यावर दहा रागांची तबकडी काढली. ती खपली नाही. २०१० साली परदेशात ती पुन्हा निघाली, आणि सत्तरी ओलांडलेल्या या वादकाला युरोपातून बोलावणी आली. २०१५ साली ते वारले. यंत्रांनी ज्यांची रोजी नेली, त्या तालवादकांना मात्र बोलावणे आले नाही.