थकवा लपवू नका, थकवा मांडा

(पहाडगंज, नवी दिल्ली येथे रेल्वे कामगारांच्या सभेत युनियनच्या सचिवांनी केलेले भाषण)



पहाडगंजात राहणाऱ्या मराठी माणसाला रेल्वेची ओळख करून द्यावी लागत नाही. शेजारी नवी दिल्ली स्टेशन, जवळच बसंत लेनला उत्तर रेल्वेचे केंद्रीय रुग्णालय. या रुग्णालयाच्या औषध-खिडकीपुढे दर महिन्याला रांगेत उभी राहणारी आपलीच माणसे आहेत. त्यांच्याविषयी आज मला बोलायचे आहे.

मधुमेह, रक्तदाब, दमा, संधिवात हे आजार आठ दिवसांत बरे होऊन जाणारे नव्हेत. ते माणसाबरोबर ड्यूटीवर येतात आणि त्याच्याबरोबरच घरी जातात. वेळेवर गोळी, वेळेवर जेवण, तपासणी, पथ्य. आजार सांभाळणे ही दुसरी नोकरीच आहे. पहिल्या नोकरीला साप्ताहिक सुट्टी असते, दुसरीला नसते. अशा दोन नोकऱ्या वर्षानुवर्षे करणारा माणूस एक दिवस आतून आटून जातो. कामाला जातो, पण कामात जीव राहत नाही. घरी येतो, पण कोणाशी बोलत नाही.

याला आज सगळीकडे ‘बर्नआऊट’ म्हणतात. न्यूयॉर्कचे मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी 1974 साली यावर लेख लिहिला आणि तेव्हापासून हा शब्द रुळला. त्याच वर्षी मे महिन्यात आपल्या देशातले रेल्वे कामगार जॉर्ज फर्नांडिस यांच्या नेतृत्वाखाली वीस दिवस संपावर होते, आणि आठ तासांचा कामाचा दिवस ही त्यांची एक मागणी होती. शब्द त्यांना तेव्हा सापडला. दुखणे आपल्याला आधीपासून ठाऊक होते.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 साली याची तीन लक्षणे सांगितली: शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामाविषयी मनात दुरावा किंवा कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काही होत नाही असे वाटणे. संघटनेने याला रोग म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही म्हणजे ही अवस्था येते, असे म्हटले आहे. हे नीट लक्षात घ्या. याचे उत्तर फक्त औषधाच्या दुकानात नाही, ते रोस्टरमध्येही आहे.

मात्र प्रत्येक थकवा म्हणजे बर्नआऊट नव्हे. वाढलेली साखर, रक्तक्षय, थायरॉइड, झोपेत श्वास अडकणे, नैराश्य यांनीही माणूस असाच गळून जातो. म्हणून आधी डॉक्टरांना दाखवा. स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका.

आता आपल्या कामाकडे पाहा. आज रात्रपाळी, परवा पहाटे कॉल. जेवणाची वेळ गाडी ठरवते. मधुमेहाची गोळी घेतली आणि जेवण चुकले तर साखर एकदम खाली येऊ शकते. घाम, थरथर, डोके चालेनासे होते. अनेक इंजिनांत शौचालय नाही, म्हणून लोक पाणीच कमी पितात. मूत्रपिंडाला जपायला सांगितलेल्या माणसाला हे परवडणारे नाही.

विश्रांती ही कोणाची मेहेरबानी नव्हे. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे 10 जून 1890 रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली. रेल्वे कायदा 1989 च्या कलम 133 प्रमाणे रनिंग स्टाफला दर महिन्याला प्रत्येकी सलग 30 तासांच्या चार विश्रांती, किंवा पूर्ण रात्रीसह सलग 22 तासांच्या पाच विश्रांती मिळाल्या पाहिजेत. ती मिळाली की नाही, हे तुम्ही वहीत लिहून ठेवता का? तक्रार तोंडी केली तर हवेत जाते. तारीख आणि तास लिहून आणले तर युनियनला भांडता येते.

पण आपला माणूस बोलत का नाही? भीतीमुळे. मेडिकलमध्ये नापास झालो तर इंजिन सुटेल, किलोमीटर भत्ता जाईल, मुलांच्या शिक्षणाचे काय? माझ्या ओळखीचे एक ड्रायव्हर मधुमेहाच्या गोळ्या पाचक चूर्णाच्या पुडीत ठेवत, लॉबीत कोणाला कळू नये म्हणून. आजार एक, आणि तो लपवण्याचे कष्ट वेगळे. हे लपवणेच माणसाला लवकर संपवते, आणि त्याच्या मागे गाडीत हजारभर प्रवासी बसलेले असतात.

या भीतीला कायद्याचे उत्तर आहे. 1995 च्या अपंग व्यक्ती कायद्याच्या कलम 47 ने सांगितले की नोकरीत असताना अपंगत्व आले म्हणून कामावरून काढता येत नाही. 2003 साली कुणाल सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे उचलून धरले. आज तेच संरक्षण 2016 च्या कायद्यात कलम 20 मध्ये आहे: त्याच वेतनश्रेणीचे दुसरे काम द्या, जागा नसेल तर जादा पद निर्माण करून त्यावर ठेवा. नुसता मधुमेह किंवा रक्तदाब त्या कायद्याच्या यादीत नाही, हेही खरे. परंतु मेडिकल श्रेणी गेलेल्या कर्मचाऱ्याला पर्यायी काम देण्याचे रेल्वेचे स्वतःचे नियम आहेत. रनिंग स्टाफच्या बाबतीत पर्यायी पदावरचा पगार ठरवताना मूळ पगारात 30 टक्के धरले जातात. भत्त्याचे पूर्ण नुकसान त्यातून भरून निघत नाही, म्हणून आपली लढाई तिथे चालू राहिली पाहिजे.

तेव्हा माझे सांगणे एवढेच.

एक, आजार रेल्वे डॉक्टरांकडे नोंदवा आणि कागद जपून ठेवा. अर्ध्या पगाराची रजा वर्षाला 20 दिवस जमा होते; मेडिकल सर्टिफिकेटवर ती पूर्ण पगारात बदलून घेता येते. ती आजारपणासाठीच आहे, तिची लाज बाळगू नका.

दोन, डब्याबरोबर साखरेची पुडी ठेवा आणि बरोबरच्या साथीला आपला आजार सांगून ठेवा. विश्रांतीच्या दिवशी विश्रांतीच घ्या.

तीन, मन फार खचले तर सरकारची ‘टेलि-मानस’ सेवा 14416 या क्रमांकावर मोफत आहे. घरच्यांशीही बोला.

चार, हे युनियनच्या पदाधिकाऱ्यांसाठी. कोणी थकलो म्हणाला तर त्याला कामचुकार म्हणू नका. रोस्टरचा प्रश्न, पर्यायी पदाचा प्रश्न, इंजिनातील शौचालयाचा प्रश्न हे पगाराइतकेच मोठे आहेत. प्रत्येक शाखेत एका माणसाकडे आजारी साथींची कामे सोपवा. त्या माणसालाही वर्षभराने बदला, नाहीतर तोही थकेल.

आठ तासांची मागणी ज्यांनी केली, तेही थकलेलेच होते. त्यांनी थकवा लपवला नाही, तो मागणीपत्रात लिहिला. आपणही तेच करू या.

कामगार एकजुटीचा विजय असो!