विनोदाला बैठक हवी



विनोदी नाटककाराचे चरित्र ऐकायला मिळणार म्हटले की श्रोते चार चटकदार कोट्यांची आशा धरून येतात. त्यात वावगे काही नाही. परंतु कोटी ही अळवाच्या पानावरच्या थेंबासारखी असते. दुसऱ्या पानावर ओतू गेले की ती फुटते. म्हणून कोट्या बाजूला ठेवून आज श्रीपाद कृष्ण कोल्हटकर या लेखकाविषयी एकच प्रश्न आपण सोडवून पाहू. ज्याचे महाराष्ट्रगीत आपल्या मुलांना पाठ आहे, ज्याचे ‘सुदाम्याचे पोहे’ अजून वाचले जातात, त्याची डझनभर नाटके मात्र रंगभूमीवरून का नाहीशी झाली?

कोल्हटकरांचा जन्म २९ जून १८७१ चा, नागपूरचा. उच्च शिक्षण पुण्यास डेक्कन कॉलेजात. १८९१ साली ते बी. ए. झाले, १८९७ साली वकिलीची परीक्षा उतरले आणि पुढे अकोला, खामगाव, जळगाव-जामोद अशा वऱ्हाडातील गावी त्यांनी वकिली केली. पोटाचा धंदा कोर्टाचा आणि जिवाचा धंदा नाटकाचा. पहिले नाटक ‘वीरतनय’ १८९६ साली आले आणि किर्लोस्कर नाटक मंडळीने ते केले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणल्यापासून साकी, दिंडी आणि ओळखीच्या चाली यांवर प्रेक्षक पोसला गेला होता. कोल्हटकरांनी त्याच्या कानावर पारशी रंगभूमीच्या चटपटीत चाली घातल्या आणि संवादांत कोट्यांची फुलबाजी उडवून दिली. तरुण मंडळी खूष झाली. जाणत्यांनी कपाळाला आठ्या घातल्या.

आता क्षणभर मुंबईचा किनारा सोडून लंडनला जाऊ या, कारण ‘वीरतनय’च्या आदल्याच वर्षी तेथे एक विलक्षण गोष्ट घडली. १४ फेब्रुवारी १८९५ रोजी सेंट जेम्स थिएटरात ऑस्कर वाइल्डचे सर्वांत गाजलेले विनोदी नाटक लागले. त्यात घडते तरी काय? दोन तरुण, दोन तरुणी, एक करारी मावशी, चहा, काकडीचे सँडविच आणि बोलणे. सगळी मौज बोलण्यात. त्याच वर्षीच्या मे महिन्यात ह्या वाइल्डला, पुरुषांशी असलेल्या संबंधांवरून, दोन वर्षांच्या सक्तमजुरीची शिक्षा झाली, आणि १९०० साली परक्या पॅरिस शहरी त्याचा अंत झाला. ज्या दिवाणखान्याने त्याला डोक्यावर घेतले, त्याच दिवाणखान्याने दार लावून घेतले. तरीही ते नाटक आज सव्वाशे वर्षे उलटल्यावरही जगभर चालते.

कोल्हटकरांच्या नाटकांवर टीकाकारांचा जुना आक्षेप असा की, त्यांची पात्रे राजापासून दासीपर्यंत एकाच ढंगाने चतुर बोलतात. आक्षेप खरा आहे. पण वाइल्डची पात्रे तरी काय वेगळे करतात? तेथे नोकरसुद्धा धन्याइतकाच चतुर आहे. मग एकाचे चालले आणि दुसऱ्याचे का चालले नाही?

आमचे उत्तर असे की, वाइल्डला दिवाणखाना आयता मिळाला होता. स्त्री-पुरुष एका खोलीत बसून, एकमेकांना टोमणे मारीत, बरोबरीच्या नात्याने बोलत आहेत, हे दृश्य लंडनच्या प्रेक्षकाच्या नित्य परिचयाचे होते. कोल्हटकरांच्या महाराष्ट्रात ही खोलीच नव्हती. ते बी. ए. झाले त्या १८९१ साली संमतिवयाचा कायदा झाला. मुलीच्या संमतीचे वय दहावरून बारा करण्याचा तो कायदा. त्यावरून पुण्यात रणे माजली. दोनच वर्षांनी, १८९३ साली, धोंडो केशव कर्व्यांनी विधवेशी विवाह केला आणि त्यांच्यावर बहिष्काराची पाळी आली. विधवाविवाहाचा कायदा १८५६ चा, म्हणजे तेव्हा सदतीस वर्षांचा जुना! घराची ओसरी पुरुषांची, माजघर बायकांचे, आणि मध्ये उंबरठा. चतुर प्रश्न ओसरीवरून विचारावा आणि त्याहून चतुर उत्तर माजघरातून यावे, ही सोय कोठे होती?

म्हणून कोल्हटकरांना बैठकच बांधावी लागली. आपल्या आरंभीच्या नाटकांत ते कल्पित राज्यांत गेले, वेषांतरे आणली, गुपिते आणली. ‘मूकनायका’त तर नायकालाच मुक्याचे सोंग घ्यायला लावले. एवढा खटाटोप कशासाठी? एक तरुण आणि एक तरुणी यांना समोरासमोर येऊन बरोबरीने बोलता यावे, यासाठी! या गुंतागुंतीला आपण कृत्रिम म्हणतो. ती कृत्रिम आहेच. पण कृत्रिमपणा नाटककाराच्या स्वभावात जेवढा होता, तेवढाच तो त्याच्या काळाच्या घररचनेत होता. शिवाय रंगभूमीवरची ती चतुर तरुणी म्हणजे लुगडे नेसलेला पुरुषच असे!

आणि या रोषणाईखाली विषय कोणते होते ते पाहा. १९०१ च्या ‘मूकनायका’त मद्यपानाचा निषेध आहे. राम गणेश गडकरी कोल्हटकरांना गुरू मानीत. त्यांचे ‘एकच प्याला’ त्याच दुखण्यावरचे, पण ते १९१९ साली रंगभूमीवर आले. गुरूने जेथे हसवले, तेथे शिष्याने रडवले. आणि लोकांच्या ध्यानात रडणे राहिले. १९०७ च्या ‘मतिविकारा’त कोल्हटकरांनी विधवाविवाहाचा प्रश्न घेतला. विधवेच्या दुःखावर अश्रू ढाळणारे पुष्कळ होते. तिला मन आहे, आवडनिवड आहे, हे विनोदी लेखकाने मांडावे, याला छाती लागते.

आता ‘सुदाम्याचे पोहे’ का टिकले, हेही याच किल्लीने उघडते. १९०२ साली ‘विविधज्ञानविस्तारा’त ‘साक्षीदार’ हा लेख आला आणि मराठीत विनोदी लेखाची वाट पडली. पुढे अशा लेखांची बत्तिशी झाली. सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या हे तीन मित्र जुन्या रूढींचा कैवार अशा थाटाने घेतात की त्या रूढीच हास्यास्पद ठराव्यात. श्रावणी असो, शिमगा असो, गणेशचतुर्थी असो, तिघे सगळीकडे हजर. येथे लेखकाला काही बांधावे लागले नाही. तीन पुरुष ओसरीवर सुपारी कातरीत गप्पा मारीत बसले आहेत, हे चित्र घरोघर तयारच होते. विनोदाला बैठक मिळाली आणि तो शंभर वर्षे बसून राहिला. दुसरी गोष्ट, लेखक स्वतः त्या तिघांतला एक होऊन हसू अंगावर घेतो. वरून हसणाऱ्याचा राग येतो. शेजारी बसून हसणाऱ्यापुढे माणूस नकळत कबुली देतो.

१ जुलै १९३३ रोजी मुंबईत नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. घरातले दृश्य, साधे बोलणे, आणि स्त्रियांच्या भूमिकांत स्त्रिया. कोल्हटकर ज्या बैठकीसाठी सदतीस वर्षे राज्ये कल्पीत राहिले, ती अखेर मराठी रंगमंचावर मांडली गेली. पुरते वर्षही झाले नाही तोच, १ जून १९३४ रोजी, ते निवर्तले.

आज आपल्या उपनगरांत पार्ल्याला दीनानाथ आहे, मुलुंडला कालिदास आहे, बोरिवलीला प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृह आहे. तेथे स्त्रिया नाटक लिहितात, बसवतात, करतात आणि शेजारच्या खुर्चीवर बसून खळखळून हसतात. अंधेरी-घाटकोपरच्या दोन खोल्यांत ओसरी नाही, माजघर नाही. उंबरठा उरला असेल तर तो मनात. कोल्हटकरांना जी खोली हवी होती ती आपल्याला फुकट मिळाली आहे. पण त्या खोलीत आपण बोलतो काय? आपल्या रूढी, आपले समारंभ, आपला मोठेपणा यांवर आपणच हसण्याची सवय त्या वऱ्हाडच्या वकिलाने मराठी माणसाला लावू पाहिली. आज कोणी तसे हसवू लागला की आपल्या भावना चटकन दुखावतात. खोली मोठी झाली आणि माणसे आखडली, असे तर झाले नाही ना?

तेव्हा आमची विनंती लहानशी आहे. ‘सुदाम्याचे पोहे’ घरी आणा आणि जेवणानंतर एक लेख मोठ्याने वाचा. ऐकायला सगळ्यांना बसवा: सासूबाईंना, सुनेला, मुलांना. कोठे कोणाला हसू आले आणि कोठे कोण गप्प झाले, तेवढे मात्र नीट पाहा. ज्या ठिकाणी घर गप्प होईल, तेथे पांडूतात्या अजून बसलेले आहेत असे समजावे.