नवजात बाळाचं हृदय आणि घरातली कुजबुज
(तरुणांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी डॉक्टर नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं, नोकरी पुण्यात सॉफ्टवेअरची आणि गाव याच जिल्ह्यातलं. तरीही आज नवजात बाळांच्या हृदयविकाराबद्दल बोलणार आहे. कारण असा प्रसंग घरावर आला की डॉक्टरांशी बोलायला घरचे लोक तुमच्या-माझ्यासारख्यालाच पुढं करतात. "तू शिकलेला आहेस, तू विचार." अशा वेळी काय विचारायचं आणि घरात काय होऊ द्यायचं नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

असं किती घरांत होतं? दर हजार बाळांमागे साधारण ८ ते ९ बाळं हृदयात काहीतरी दोष घेऊन जन्मतात. आपल्या जिल्ह्याची लोकसंख्या २०११च्या जनगणनेत ४५ लाखांवर होती. दर हजारी १५ जन्म धरले, तर वर्षाला सुमारे ६८ हजार बाळं होतात. हिशेब ढोबळ आहे, पण त्यानं एका वर्षात एका जिल्ह्यात पाचशेहून जास्त घरं होतात. यातली पुष्कळ बाळं लहानसं छिद्र असलेली असतात आणि अशी कितीतरी छिद्रं आपोआप बुजतात. पण साधारण चारातल्या एका बाळाला पहिल्या वर्षातच शस्त्रक्रिया किंवा तसा मोठा उपचार लागतो. त्यातल्या काहींना पहिल्या काही दिवसांतच.

बाळ पोटात असताना त्याची फुप्फुसं श्वास घेत नसतात. म्हणून हृदयाजवळ एक छोटी नळी असते, ती रक्ताला फुप्फुसाबाहेरून वाट देते. जन्मानंतर काही तासांत किंवा दिवसांत ही नळी बंद होते. निरोगी बाळाचं त्यानं काही बिघडत नाही. पण ज्याच्या हृदयाची रचनाच चुकलेली आहे, ते बाळ त्या नळीवरच जगत असतं. म्हणून पहिल्या दिवशी बाळ गुलाबी दिसतं, रडतं, पेढे वाटले जातात आणि तिसऱ्या दिवशी ते अचानक खालावतं. तोपर्यंत कधी कधी आई-बाळ घरीही पोहोचलेले असतात.

यावर एक सोपी तपासणी आहे. कोरोनात घरोघरी आलेलं बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आठवतं? तसंच, पण बाळासाठीचं यंत्र जन्मानंतर २४ तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला लावतात. आकडा ९५ किंवा त्याहून जास्त असावा आणि हात-पायातला फरक ३ पेक्षा जास्त नसावा. ९० च्या खाली असेल तर लगेच पुढची तपासणी. काही मिनिटांचं काम आहे. सगळे दोष त्यात सापडत नाहीत, पण बरेच धोक्याचे सापडतात. दवाखान्यातून सुट्टी घेण्याआधी "हात आणि पाय, दोन्हीकडे ऑक्सिजन बघितलं का?" हा प्रश्न अदबीनं विचारायचा. आणि घरी आल्यावर ओठ-जीभ निळसर दिसली, दूध पिताना बाळ घामाघूम झालं, पिता पिता थकून सोडून देऊ लागलं, शांत असतानाही मिनिटाला ६० पेक्षा जास्त श्वास घेऊ लागलं, तर सकाळची वाट बघायची नाही.

माझ्या धाकट्या बहिणीच्या मुलाचं असंच झालं. नेवासा तालुक्यात तिचं सासर. दुसऱ्या दिवशी बाळ निळसर दिसू लागलं. तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला, पण आकडा ७२ च्या पुढं सरकेना. ऑक्सिजन देऊनही आकडा वाढत नाही म्हणजे दोष फुप्फुसाचा नाही, हृदयाचा असू शकतो, हे त्यांनी ओळखलं आणि नगरला पाठवलं. तिथं इको झाला. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची जागा एकमेकींशी बदललेली होती. शरीरातून आलेलं रक्त ऑक्सिजन न घेताच परत शरीरात जात होतं. ती नळी उघडी ठेवणाऱ्या औषधाची सलाईन लगेच सुरू झाली. या औषधानं बाळाचा श्वास मध्येच थांबू शकतो, म्हणून नुसती गाडी चालत नाही. सोबत डॉक्टर असलेली रुग्णवाहिका करून १२० किलोमीटरवर पुण्याला नेलं. अकराव्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, एकतिसाव्या दिवशी बाळ घरी आलं.

ते एकतीस दिवस घरात काय चाललं होतं, ते सांगतो. बहीण टाके ओले असताना दवाखान्यात बसलेली. मेहुणे रात्री बाहेरच्या पॅसेजमध्ये चटईवर. आणि इकडं घरी कुजबुज सुरू. "ग्रहण में बाहर निकली होगी." "किसी की नजर लगी." कुणी तावीज घेऊन आलं, कुणी तिनं काय खाल्लं त्याचा हिशेब मांडला. वडीलधाऱ्यांनी ठरवलं, "तिला काही सांगू नका, दूध आटेल." म्हणजे ज्या बाळाला ती नऊ महिने पोटात घेऊन फिरली, त्याला काय झालंय हे गल्लीला माहीत आणि तिलाच नाही.

आम्ही भावंडांनी तिला सांगायचं ठरवलं. कागदावर दोन नळ्यांचं चित्र काढून, आपल्या घरच्या बोलीत समजावलं. ती बराच वेळ रडली. मग विचारलं, "मैंने कुछ किया था क्या?" मी म्हणालो, नाही. तिनं डॉक्टरांकडूनही तेच ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून रोजच्या माहितीच्या वेळेला डॉक्टरांसमोर तीच जाऊन बसायला लागली. दूध आटलं नाही. ती पंपानं काढून द्यायची आणि बाळाला ते नळीतून काही मिलिलिटर मिळायचं. त्या काळात बाळासाठी तिच्या हातात तेवढंच होतं आणि ते तिनं एक वेळही चुकवलं नाही.

हृदय घडतं ते गर्भाच्या पहिल्या आठ आठवड्यांत. पुष्कळदा आपल्याला दिवस गेलेत हे बाईला नीट कळायच्या आत. ग्रहणाचा, नजरेचा, पपईचा याच्याशी संबंध नाही. बहुतेक वेळा नेमकं कारण सापडतही नाही.

पण ज्या गोष्टींचा संबंध आहे, त्याही लपवायच्या नाहीत. पहिली, जवळच्या नात्यातलं लग्न. ब्रिटनमधल्या ब्रॅडफर्ड शहरातला मोठा अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. चुलत-मावस भावंडांच्या लग्नात जन्मजात दोषाचा धोका साधारण ३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर जातो, असं त्यात दिसलं. म्हणजे दुप्पट, तरीही शंभरातली ९४ बाळं अशा दोषाशिवाय जन्मतात. ही रीत आपल्यातच नाही, मामाच्या मुलीशी लग्न महाराष्ट्रात इतर समाजांतही होतं. लग्न ठरवताना हा आकडा जरूर समोर ठेवा. दवाखान्यात बसलेल्या आईच्या तोंडावर मात्र फेकू नका.

दुसरी गोष्ट रुबेला. गरोदरपणाच्या सुरुवातीला आईला रुबेला झाला तर बाळाच्या हृदयात, डोळ्यांत, कानांत दोष येऊ शकतो. महाराष्ट्रात २७ नोव्हेंबर २०१८ पासून गोवर-रुबेला लसीकरणाची मोहीम झाली, तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा फिरल्या. आपल्या वस्त्यांमध्येही फिरल्या. ज्या मुलीची लस तेव्हा चुकली, ती उद्या आई होणार आहे. तिसरी गोष्ट साखर. आईचा मधुमेह गर्भधारणेच्या आधीपासून आटोक्यात हवा. आणि घरात आधी असं बाळ झालं असेल, तर पुढच्या वेळी १८ ते २२ आठवड्यांच्या दरम्यान पोटातल्या बाळाच्या हृदयाचा इको करून घ्या.

आता तुमच्या कामाचं. एक वही घ्या. रोगाचं नाव डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. विचारा: उपचार केला नाही तर काय होईल? किती दिवसांत करायला हवा? इथं एवढ्या लहान बाळांच्या अशा शस्त्रक्रिया होतात का, किती होतात? शिर्डीत आणि नगरमध्ये हृदयशस्त्रक्रियेची रुग्णालयं आहेत. पण नवजात बाळाचं हृदय अक्रोडाएवढं असतं. त्याला वेगळे सर्जन, वेगळा अतिदक्षता विभाग लागतो, म्हणून बऱ्याचदा पुणे-मुंबई गाठावी लागते. नवी मुंबईत खारघरला श्री सत्यसाई संजीवनी रुग्णालय आहे. तिथं मुलांच्या हृदयाचे उपचार मोफत होतात, जात-धर्म विचारला जात नाही.

पैशांसाठी जमीन-दागिने काढण्याआधी आरोग्यमित्राला भेटा. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत २०२४ पासून कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेचा फोन १५५३८८. रुग्णालय अंगीकृत आहे का, ते दाखल करतानाच विचारा. बाळाचं नाव रेशनकार्डावर नसतं, म्हणून जन्मदाखला आणि आई-वडिलांचं रेशनकार्ड, आधार जवळ ठेवा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची अंगणवाडीत, शाळेत तपासणी होते आणि हृदयविकार त्यात आहे. पथक येईल त्या दिवशी मूल घरी ठेवू नका. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत घरी येतात, त्यांना दारातून परत पाठवू नका.

आणि रक्त. अशा वेळी मामा, काका सगळे बाह्या वर करून उभे राहतात. पण जवळच्या नातेवाइकाचं रक्त इतक्या लहान बाळाला तसंच देत नाहीत. त्यातल्या पेशी बाळाच्या शरीरावर उलटू शकतात, म्हणून त्यावर आधी किरणांची प्रक्रिया करावी लागते. परक्याचं रक्त जास्त सोयीचं. माझ्या भाच्याला ज्यांचं रक्त चढलं, त्यांची नावं आम्हाला माहीत नाहीत. त्यांचा मजहब तर नाहीच नाही.

सगळी बाळं घरी येत नाहीत, हेही सांगायला हवं. आमच्या शेजारच्या पेटीतलं पारनेरकडचं एक बाळ आठव्या दिवशी गेलं. त्याच्या आईला तिची सासू धरून बसली होती. एक शब्द दोषाचा नाही. त्या दोघींकडं बघून मला वाटलं, आपल्या हातात असतं ते एवढंच आणि तेही पुष्कळ आहे.

दुआ करा, मनापासून करा. तिच्यासोबत दोन कामं आज इथूनच ठरवून जाऊ. प्रत्येक तालुक्यात योजनेचे कागद नीट जाणणारा एक जण आणि रक्त द्यायला तयार असलेल्या वीस जणांची, रक्तगटासह यादी. यादीचा कागद मागच्या टेबलावर ठेवला आहे. पहिलं नाव मी लिहिलं आहे.