समुद्राखालच्या केबलची राखण कोण करणार?



आपली घराणी पिढ्यान्‌पिढ्या तापीकाठी नांदत आहेत. वीज गेली की शहराची काय दैना होते, हे आपण २००६च्या पुरात भोगले आहे. म्हणून आज थोडे विजेविषयी.

जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने समुद्रातील पवनविजेसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यात गुजरात व तमिळनाडूच्या किनाऱ्यासमोर प्रत्येकी ५०० मेगावॅट धरले आहेत. आपल्याकडील जागा खंभातच्या आखाताच्या तोंडाशी, पिपावावसमोर. तिथली वीज समुद्रतळाच्या केबलमधूनच किनाऱ्यावर येणार. या विजेला आमचा पाठिंबाच आहे. प्रश्न केबलच्या राखणीचा आहे.

अशी केबल आपल्या लोकांना नवी नाही. घारापुरी बेटावर फेब्रुवारी २०१८ मध्ये साडेसात किलोमीटरच्या केबलने वीज पोहोचली.

खांबावरच्या तारेला फांदी लागली, तर पुरवठा तुटतो आणि बहुधा क्षणात परत जोडता येतो. जहाजाच्या नांगराने फाटलेले केबलचे आवरण मात्र आपोआप सांधत नाही. तिच्यात पुन्हा वीज सोडली तर बिघाड वाढतो. म्हणून दोन्ही टोकांना प्रवाह मोजतात. जमाखर्च जुळला नाही, की रिले दोन्हीकडचे ब्रेकर पाडतो. लांब केबल स्वतःही थोडा प्रवाह घेते. तो हिशेबात धरला नाही, तर रिले फसतो.

पण रिले केबल तोडतो, सांधत नाही. सांधायला खास जहाज, कुशल कारागीर आणि शांत समुद्र लागतो. पावसाळा असला तर काम महिनोन्‌महिने रखडते. त्यात या आखाताची भरती-ओहोटी जबर आणि गाळ सरकता. आज पुरलेली केबल उद्या उघडी पडू शकते.

म्हणून केबल पडण्याआधीच आपण लोकप्रतिनिधींना चार गोष्टी विचारू या. केबलचा मार्ग प्रत्येक बंदरावर मच्छीमारांना समजावणार का? ती पुरलेली आहे की नाही, हे ठरावीक काळाने तपासणार का? सुटी केबल व जहाजाचा करार आधीच करणार का? आणि उघड्या केबलला एखाद्याचे जाळे अडकले, तर दंड त्या गरिबाच्या माथी आणि तोटा आपल्या बिलात, असे तर होणार नाही ना?

उत्तरे लेखी घेऊ. नंतर हळहळण्यात अर्थ नाही.