आधी लिहा, मग बोला

कामाच्या ठिकाणी नवी कल्पना हवी असली, की आपण बैठक बोलावतो. सगळ्यांनी मिळून सुचेल ते बोलायचं, या पद्धतीला ‘ब्रेनस्टॉर्मिंग’ म्हणतात. अमेरिकेतल्या जाहिरात क्षेत्रातले अ‍ॅलेक्स ऑसबॉर्न यांनी ती रूढ केली. १९५३ सालच्या पुस्तकात त्यांनी तिचे नियम सांगितले: कल्पना भरपूर मांडा, अचाट वाटली तरी मांडा, इतरांच्या कल्पनेत भर घाला आणि टीका नंतरसाठी ठेवा.

पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात एक प्रयोग झाला. चौघांनी एकत्र बसून सुचवलेल्या कल्पनांपेक्षा, चौघांनी वेगवेगळं बसून सुचवलेल्या कल्पनांची बेरीज बरीच जास्त भरली! पुढच्या संशोधनातून कारणं कळली. एक जण बोलत असताना बाकीच्यांना थांबावं लागतं आणि सुचलेलं विसरायला होतं. शिवाय ‘लोक काय म्हणतील’ ही धास्ती असतेच.

यावर जर्मनीतल्या बेर्न्ड रोरबाख यांनी सुंदर उपाय काढला. सहा जणांनी पाच मिनिटांत प्रत्येकी तीन कल्पना कागदावर लिहायच्या आणि कागद शेजाऱ्याकडे सरकवायचा. शेजाऱ्याने त्या वाचून आपल्या तीन लिहायच्या. अशा सहा फेऱ्या, म्हणजे अर्ध्या तासात १०८ कल्पना! त्यातल्या बऱ्याच बाद होतील, पण नुकताच रुजू झालेला कर्मचारीही साहेबांइतक्याच मोकळेपणाने लिहील. आपल्याकडे वरिष्ठांसमोर गप्प राहण्याची सवय खोलवर रुजलेली आहे. म्हणून पुढच्या बैठकीत चर्चेआधी प्रत्येकाच्या हाती कोरा कागद जरूर द्या.