पोरीला नर्सिंगला घालायचंय

(मेळाव्यात केलेले भाषण)



संयोजकांनी मला ‘रुग्णसेवेचे अनुभव’ हा विषय दिला होता. तो मी बाजूला ठेवते. कारण आपल्या ग्रुपवरून मला सगळ्यांत जास्त फोन येतात ते एकाच गोष्टीसाठी: पोरीला नर्सिंगला घालायचंय, काय करू? दोघांनी मुलासाठीही विचारलं, त्यांचं कौतुक. वॉर्डात आता ‘ब्रदर’ म्हणून हाक मारली की कुणी वळून बघत नाही.

बारावीनंतर वाटा तीन. एएनएम दोन वर्षांचं. गावच्या उपकेंद्रावरच्या सिस्टर त्यातल्या. जीएनएम तीन वर्षांचं. या दोन्हींना शास्त्र शाखाच हवी असं नाही, कला-वाणिज्यवालेही चालतात. बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं. त्याला मात्र भौतिक, रसायन, जीवशास्त्र आणि इंग्रजी लागतं, आणि आपल्या राज्यात सीईटी द्यावी लागते. पदवी नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाची.

जीएनएमला गेली म्हणजे पोरगी मागे पडली, असं कृपा करून म्हणू नका. मी जीएनएमच. अकरा वर्षं नोकरी झाल्यावर रजा मंजूर करून घेऊन दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. केलं. धाकटा तेव्हा बालवाडीत होता, सासूबाईंनी सांभाळला. वर्गात माझ्याहून मोठ्या तिघी होत्या. एएनएम झालेलीलाही पुढे जीएनएमला जाता येतं.

आता खरं बोलायचं ते. आपल्याच एका वर्गमैत्रिणीची पुतणी, तिला विचारून सांगते. तालुक्याच्या स्टँडजवळ पाटी होती, ‘नर्सिंग, एक वर्षात नोकरी’. घरच्यांनी बांगड्या मोडून फी भरली. वर्षाअखेर शिक्क्याचं, फोटोचं प्रमाणपत्र मिळालं. एका खासगी दवाखान्यात नोकरीही लागली, कायम रात्रपाळीची. पेशंट सिस्टर म्हणायचे, पण पगार मावशींच्या जवळपास. मग अधिपरिचारिकेच्या जागा निघाल्या आणि अर्जात नोंदणी क्रमांकाचा रकाना आला. तिच्याकडे क्रमांक नव्हता, मिळणारही नव्हता. तो कोर्स परिषदेच्या यादीतच नव्हता.

हे नीट समजून घ्या. परीक्षा पास झाली म्हणजे मुलगी नर्स झाली असं नाही. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नाव नोंदलं गेलं की ती नोंदणीकृत परिचारिका. जीएनएम किंवा बी.एस्सी. केलेली मुलगी परिचारिका आणि प्रसाविका अशी दोन्ही नोंदली जाते. नावापुढे आरएन, आरएम दिसतं ते हेच. नोंदणीचं नूतनीकरणही दर पाच वर्षांनी करावं लागतं. आणि नोंदणी होते ती मान्यता असलेल्या संस्थेतून शिकलेल्यांचीच. म्हणून आधी परिषदेच्या संकेतस्थळावरची यादी बघा, मग फी भरा. आपल्या वर्षाला मान्यता आहे का, जागा किती, हे विचारा. संस्थेला जोडलेलं रुग्णालय स्वतः जाऊन बघा. खाटा रिकाम्या असतील तर पोरगी शिकणार कुणावर? जिल्हा रुग्णालयांच्या नर्सिंग शाळांत फी खूप कमी असते, पण जाहिरात कधी येते आणि कधी जाते ते कळत नाही. निकालाच्या दिवसांत तिकडे एक फेरी मारा.

ती पुतणी चोविसाव्या वर्षी जीएनएमला गेली. आज दुसऱ्या वर्षाला आहे. मागच्या महिन्यात तिची पहिली बाळंतपणाच्या वॉर्डातली ड्युटी लागली. रात्री अकराला मला फोन करून सांगत होती, आत्या, वजन दोन किलो नऊशे भरलं, मीच केलं.

जेवणानंतर मी दहावी ‘ब’च्या खोलीत बसणार आहे. ज्यांच्या घरी बारावीचा निकाल यायचाय त्यांनी या. फी भरून झाली असेल तर पावती आणि माहितीपत्रक बरोबर आणा, एकत्र बघू.